पॉवरलाइन नेटवर्कमधला कोऑर्डिनेटर: सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट किंवा कॅमेऱ्याचं चित्र न्यायचं (यालाच पॉवरलाइन म्हणतात) ठरवलं, की पहिल्या दोन दिवसांत एक शब्द समोर येतो: कोऑर्डिनेटर. मराठवाड्यातल्या घरांतून, मोंढ्यातल्या आडत दुकानांतून, औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधून आणि शेतवस्त्यांवरून त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न १ ते १६ सॉकेटमध्ये लावायच्या घरगुती-दुकानी डब्यांबद्दल, म्हणजे अडॅप्टरबद्दल, होमप्लग एव्ही आणि एव्ही-२ या पद्धतीबद्दल आहेत. पथदिवे, मीटर आणि गाडीचे चार्जर यांचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १७ पासून पुढे.

१. कोऑर्डिनेटर म्हणजे नेमकं काय?

एकाच वायरीवर पाच अडॅप्टर एकदम बोलायला लागले तर कुणाचंच कुणाला कळणार नाही. म्हणून त्यांतला एक अडॅप्टर वेळ वाटून देतो, नवीन सदस्याला आत घेतो आणि कुलपाची किल्ली वाटतो. तोच कोऑर्डिनेटर. तो ठरावीक अंतराने वायरीवर 'बीकन' नावाचा छोटा इशारा सोडतो आणि बाकीचे त्यावर आपलं घड्याळ लावतात. होमप्लग एव्हीमध्ये हे अंतर विजेच्या दोन आवर्तनांएवढं असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दर ४० मिलिसेकंदांनी एक बीकन, म्हणजे सेकंदाला २५. नेटवर्कचं घड्याळ विजेच्या लहरीला बांधलेलं आहे एवढी गोष्ट लक्षात ठेवा. इन्व्हर्टरच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे (प्रश्न १०).

२. त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागतं का?

नाही. प्रत्येक अडॅप्टरमध्ये कोऑर्डिनेटर होण्याची क्षमता असते. जो आधी चालू होतो आणि ज्याला वायरीवर आपल्या नेटवर्कचा बीकन ऐकू येत नाही, तो स्वतः ती जागा घेतो. पुढे जास्त योग्य अडॅप्टर दिसला तर जबाबदारी त्याच्याकडे आपोआप जाते. कुणाची क्षमता जास्त, कुणाला जास्त सोबती ऐकू येतात, असे निकष त्यात लागतात. दोन-तीन अडॅप्टरचं साधं घर असेल तर हे आपोआप चालू द्या, हात लावू नका.

३. राउटरजवळचाच अडॅप्टर कोऑर्डिनेटर असतो ना? सगळा डेटा त्यातूनच जातो?

दोन्ही समज चुकीचे आहेत. माडीवरचा अडॅप्टरही कोऑर्डिनेटर असू शकतो. डेटा मात्र ज्याचा त्याला थेट जातो: गोदामातल्या कॅमेऱ्याचं चित्र दुकानातल्या रेकॉर्डरकडे जाताना कोऑर्डिनेटरच्या पोटातून जात नाही. त्यामुळे कोऑर्डिनेटर बदलला म्हणून स्पीड वाढेल अशी आशा धरू नका. कोऑर्डिनेटर नीट निवडल्याने स्थिरता येते, म्हणजे नेटवर्क मध्येच तुटत नाही.

तरीही राउटरजवळचा अडॅप्टर या कामाला चांगला, कारण तो चोवीस तास चालू असतो. खोलीतून निघताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय घरोघरी आहे, आणि ते बटण कोऑर्डिनेटरचं निघालं की सगळ्यांचं नेटवर्क काही वेळ गडगडतं.

४. पहिल्यांदा जोडणी कोणत्या क्रमाने करायची?

सगळे अडॅप्टर आधी एकाच खोलीत, शक्यतो शेजारशेजारच्या सॉकेटवर लावून जोडा. जागेवर नेऊन लावायचं काम शेवटी. क्रम असा:

१) प्रत्येक अडॅप्टरचं रिसेट बटण टाचणीने १० ते १५ सेकंद दाबून धरा. दिवे विझून पुन्हा लागले की सोडा.
२) ज्याला कोऑर्डिनेटर करायचं आहे तो एकटाच लावा आणि मिनिटभर थांबा. वायरीवर दुसरं कुणी नसल्याने तो ती जागा घेतो.
३) दुसरा अडॅप्टर लावा. पहिल्याचं 'पेअर' बटण १ ते २ सेकंद दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा.
४) दोन्हींवरचा घराच्या खुणेचा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. तिसऱ्यासाठी आधी जुन्या सदस्याचं बटण दाबायचं, मग नव्याचं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे दोन नव्या अडॅप्टरची आपसात जोडी लावून टाकणं. त्यांचं वेगळंच नेटवर्क तयार होतं आणि जुन्यांना ते दिसत नाहीत. दुसरी म्हणजे पेअर बटण आठ-दहा सेकंद दाबून धरणं. बऱ्याच अडॅप्टरमध्ये त्याचा अर्थ 'मला या नेटवर्कातून काढा' असा होतो. अडॅप्टर स्वतःसाठी नवी किल्ली तयार करतो आणि एकटा पडतो. असं झालं तर रिसेट करून पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.

५. नेटवर्कचा पासवर्ड बदलायलाच हवा का?

हवा. पेअर बटण न वापरता नुसते सॉकेटमध्ये लावलेले पुष्कळ अडॅप्टर कारखान्यातल्या एकाच ठरावीक नावावर चालतात, ते नाव म्हणजे 'होमप्लगएव्ही'. म्हणजे तुमच्याच डीपीवरच्या शेजाऱ्याने तसाच अडॅप्टर लावला तर तो सरळ तुमच्या नेटवर्कात येऊन बसू शकतो.

पासवर्डपासून १२८ बिटांची सदस्यत्वाची किल्ली तयार होते आणि त्या किल्लीवरून नेटवर्कचा ओळख क्रमांक निघतो. म्हणून एक अक्षर लहान-मोठं झालं तरी ते वेगळंच नेटवर्क ठरतं. पासवर्ड ८ ते ६४ अक्षरांचा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरून ठेवा. पेअर बटणाने जोडणी केली असेल तर किल्ली आपोआप नवी झालेली असते, तेव्हा निराळं काही करायला नको. प्रत्यक्ष डेटा ज्या दुसऱ्या किल्लीने बंद होतो, ती कोऑर्डिनेटर स्वतःच अधूनमधून बदलत असतो. तिच्याकडे तुम्हाला बघावं लागत नाही.

अडॅप्टरच्या पाठीमागच्या लेबलावर चार-चार अक्षरांच्या चार गटांत सोळा अक्षरं छापलेली असतात. तो त्या अडॅप्टरचा स्वतःचा पासवर्ड आहे, नेटवर्कचा पासवर्ड वेगळा. लांबच्या खोलीतला अडॅप्टर लॅपटॉपवरून सामील करून घ्यायला तो लागतो. अडॅप्टर कपाटामागे लावण्याआधी त्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

६. सध्या कोऑर्डिनेटर कोण आहे हे कसं ओळखायचं?

दिव्यांवरून कळत नाही. लॅपटॉप केबलने एका अडॅप्टरला जोडा, वायफाय बंद करा आणि कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा. साध्या अडॅप्टरला आयपी पत्ता नसतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये शोधून तो सापडणार नाही. सॉफ्टवेअर त्याला मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून शोधतं. यादी रिकामी दिसली तर फायरवॉल थोडा वेळ बंद करा आणि लॅपटॉपवर व्हीपीएनसारखं आभासी नेटवर्क कार्ड चालू असेल तर तेही बंद करा. नव्वद टक्के वेळा अडचण तिथेच असते.

काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोऑर्डिनेटर दाखवतच नाहीत. क्वालकॉम अथेरॉसची चिप असलेल्या अडॅप्टरसाठी 'ओपन पीएलसी युटिल्स' हा मोफत, मुक्त स्रोताचा संच आहे. त्यातली नेटवर्कची माहिती देणारी आज्ञा कोऑर्डिनेटरचा मॅक पत्ता आणि प्रत्येक सदस्याशी जाण्या-येण्याचा वेग दाखवते. तो पत्ता लेबलांशी ताडून पाहा आणि सापडलेल्या अडॅप्टरवर मार्करने 'को' लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वायरमन आला की ही एक खूण अर्धा दिवस वाचवते.

७. एखाद्या अडॅप्टरला कायमचा कोऑर्डिनेटर कसा करायचा?

अडॅप्टरच्या आत सेटिंगची एक छोटी फाइल असते, तिला 'पिब' म्हणतात. त्यात कोऑर्डिनेटरबद्दलच्या नोंदीला तीन पर्याय आहेत: ० म्हणजे आपोआप, १ म्हणजे कधीच नाही, २ म्हणजे नेहमी. कारखान्यातून ० येतं. बदल करायचा तो असा:

लॅपटॉप केबलने थेट त्या एका अडॅप्टरला लावा आणि बाकीचे सगळे सॉकेटमधून काढा, म्हणजे चुकून दुसऱ्यावर लिहिलं जाणार नाही. आधी पिब वाचून लॅपटॉपवर उतरवा आणि तिची एक प्रत 'मूळ' अशा नावाने बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रतीत कोऑर्डिनेटरची नोंद २ करा. ती अडॅप्टरवर लिहा. तो स्वतः बंद होऊन पुन्हा चालू होईल, तेवढा वेळ हात लावू नका. मग पिब पुन्हा वाचून नोंद खरंच २ झाली आहे का ते तपासा. आता बाकीचे एकेक करून लावा आणि प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे खात्री करा.

हे काम लाईट जाण्याच्या वेळेला करू नका. लिहिणं चालू असताना वीज गेली तर अडॅप्टर अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. इन्व्हर्टरवरच्या सॉकेटवर करा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. आणि एका अडॅप्टरची पिब दुसऱ्यावर जशीच्या तशी चढवू नका. तिच्यात मॅक पत्ताही असतो. एकाच पत्त्याचे दोन अडॅप्टर नेटवर्कात आले की दोन्ही आळीपाळीने गायब होतात आणि कारण लवकर सापडत नाही.

८. सुरक्षित राहावं म्हणून दोन अडॅप्टरना 'नेहमी' करून ठेवलं तर?

नेटवर्क दुभंगतं. दोघेही आपापला बीकन सोडत राहतात, कुणीच दुसऱ्याचं सदस्य व्हायला तयार नसतो आणि बाकीचे ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातात. लक्षण असं: घराच्या अर्ध्या बाजूचे अडॅप्टर एकमेकांना दिसतात, दुसऱ्या बाजूचे दिसत नाहीत, आणि एकाला काढलं की सगळं ठीक होतं.

उलट सगळेच 'कधीच नाही' असतील तर बीकन सोडणाराच नसतो आणि पेअरचा दिवा कायम लुकलुकत राहतो. योग्य मांडणी म्हणजे एक 'नेहमी' आणि बाकीचे 'आपोआप'. मग नेमलेला बंद पडला तरी दुसरा कुणी जागा घेतो. 'कधीच नाही' हा पर्याय फक्त अशा अडॅप्टरला द्यावा जो रोज बंद-चालू होतो, उदाहरणार्थ मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाजवळचा.

९. आमचं घर जुनं, दोन फुटी दगडी भिंतींचं, वर माळवद. कोऑर्डिनेटर कुठे लावावा?

अशा घरात वायफाय एका भिंतीतच संपतं, त्यामुळे पॉवरलाइनचा खरा उपयोग इथेच. सिग्नल वायरीतून जातो, त्याला भिंतीच्या जाडीशी देणंघेणं नाही. त्याला मोजावी लागते ती वायरीची लांबी आणि वाटेतले जोड.

कोऑर्डिनेटर मुख्य वाटप बोर्डाच्या जवळच्या सॉकेटवर लावा. सगळ्या खोल्यांच्या वायरी तिथून फुटतात, म्हणून तिथून सगळे सारखेच ऐकू येतात. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, आणि ज्यावर 'सर्ज' किंवा 'स्पाइक' असं लिहिलेलं असतं तो तर अजिबात नाही. त्याच्या आतला फिल्टर या सिग्नललाच गोंगाट समजून गिळतो. यूपीएसच्या मागच्या सॉकेटचंही तेच.

जुन्या घरांत पिळून टेप गुंडाळलेले जोड असतात. त्यातला एखादा सैल असेल तर दिवे नीट लागतात, पंखा नीट फिरतो, पण पॉवरलाइनचा वेग दर मिनिटाला वर-खाली होतो. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही. वायरमनकडून मेन स्विच बंद करून ते जोड पक्के करून घ्या. त्या जोडाला आगीचाही धोका असतोच.

१०. लाईट गेली की इन्व्हर्टर लागतो, पण नेटवर्क तुटतं. कोऑर्डिनेटरचं काय चुकतंय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आधी तुमची कोणती ते ओळखा.

पहिली: कोऑर्डिनेटर मेन लाइनवर आणि राउटर इन्व्हर्टरवर. लाईट गेली की कोऑर्डिनेटरच विझतो. इन्व्हर्टरची लाइन सहसा फक्त पंखे-दिव्यांची असते आणि थ्री-पिन सॉकेट मेनवर असतात, त्यामुळे हे नकळत होतं. तपासायचं सोपं: मेन स्विच पाडा आणि कोणत्या अडॅप्टरचे दिवे चालू राहतात ते पाहा. जे अडॅप्टर लाईट गेल्यावरही हवेत, ते सगळे इन्व्हर्टरच्या लाइनवर आणा, कोऑर्डिनेटर तर नक्कीच.

दुसरी: सगळे इन्व्हर्टरवर आहेत, तरी लाईट जाताना आणि येताना अर्धा-एक मिनिट तुटतं. हा त्या ४० मिलिसेकंदांच्या घड्याळाचा परिणाम. मेनवरून इन्व्हर्टरवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पडतो आणि लहर दुसऱ्याच जागेवरून सुरू होते. अडॅप्टर विजेच्या लहरीच्या प्रत्येक भागासाठी वेगळा हिशोब ठेवतात. तो सगळा मोडतो आणि नव्याने मांडावा लागतो. पूर्ण टाळता येत नाही. एक कोऑर्डिनेटर 'नेहमी' करून ठेवला तर निदान नवा कोण याची शोधाशोध वाचते आणि खंड कमी होतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा, बदल लवकर होतो.

तिसरी: इन्व्हर्टर चालू असेपर्यंत वेग सतत खाली. हे चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर दिसतं. त्या लहरीच्या प्रत्येक उभ्या कडेला वायरीवर गोंगाट उठतो. इलाज एकच, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर. कोऑर्डिनेटरच्या सेटिंगमध्ये याला उत्तर नाही.

११. आमच्याकडे तीन फेज आहेत. वेगळ्या फेजवरचा अडॅप्टर सापडेल का?

पुष्कळदा सापडतो, पण कमकुवत. तीन फेजच्या वायरी एकाच पाइपातून शेजारशेजारून जात असल्या की उच्च वारंवारितेचा सिग्नल एकीतून दुसरीत उडी मारतो. न्यूट्रलही तिघांना सामायिक असतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या शेडमध्ये बोर्डापासून फेज वेगळ्या दिशांना गेलेल्या असतील तर मात्र ही उडी कमी पडते.

कोऑर्डिनेटर ज्या फेजवर सर्वाधिक अडॅप्टर आहेत त्या फेजवर ठेवा. एखादा तरीही ऐकू येत नसेल तर मुख्य बोर्डात फेज कपलर बसवता येतो. त्यात फेज-फेजमधल्या व्होल्टेजवर कायम राहणारे सुरक्षा दर्जाचे कपॅसिटर असतात. साधे कपॅसिटर आणून घरच्या घरी हे करू नका, परवानाधारक वायरमनलाच बोलवा.

१२. घरून शेतातल्या मोटारीपर्यंत पॉवरलाइन जाईल का? कोऑर्डिनेटर घरी ठेवायचा आहे.

जाणार नाही, आणि यात पैसे घालू नका. घर गावठाण फीडरवर असतं, मोटार शेतीच्या फीडरवर. डीपी वेगळ्या, वाटेत ट्रान्सफॉर्मर, आणि २ ते ८६ मेगाहर्ट्झचा हा सिग्नल डीपी ओलांडत नाही. त्यातून शेतीची लाईट पाळीने येते, म्हणजे पलीकडचा अडॅप्टर दिवसातले बरेच तास मेलेलाच.

शेतवस्तीवरचं घर आणि बोरची पेटी एकाच मीटरवर असेल आणि मधली केबल शे-दीडशे मीटरच्या आत असेल, तर प्रयत्न करण्यासारखा आहे. मोटार चालू असताना आणि बंद असताना असे दोन्ही वेळा मोजून पाहा. स्टार्टरच्या पेटीत अडॅप्टर ठेवू नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीच्या आतलं तापमान घरगुती अडॅप्टरला सोसत नाही.

१३. दिवसा छान चालतं, संध्याकाळी सात वाजता मंदावतं. कोऑर्डिनेटर बदलू का?

बदलू नका. सात वाजता दिवे लागतात, चार्जर लागतात. स्वस्त एलईडी दिव्याच्या किंवा चार्जरच्या आत फिल्टर नसला की तो वायरीवर गोंगाट सोडतो.

शोधायची पद्धत: लॅपटॉपवर वेगाचा आकडा उघडा ठेवा आणि घरातल्या एकाला फिरायला लावा. तो एकेक वस्तू सॉकेटमधून काढेल, बटण बंद करणं पुरेसं नाही. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, आकडा कागदावर लिहा. समजा आकडा ४० वर होता आणि माडीवरचा चार्जर काढल्याबरोबर ११० झाला, तर चोर सापडला. तो चार्जर बदला, किंवा तो चार्जर फिल्टरच्या एक्स्टेंशनवर लावा. प्रश्न ९ मध्ये अडॅप्टरसाठी वर्ज्य सांगितलेला बोर्ड इथे कामाला येतो, कारण तो गोंगाट आतच अडवतो.

आणि हे आकडे खऱ्या वेगाचे नव्हेत. वायरीवरच्या कच्च्या वेगाच्या निम्म्याहून कमीच हाताला लागतो. डब्यावरचा ६०० किंवा १००० हा आकडा तर कागदावरचा कमाल कच्चा वेग असतो, आणि तोही जाण्या-येण्यात वाटला जातो. दोन मेगापिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांना साधारण १६ मेगाबिट लागतात. तिथे कच्चा आकडा सतत ५० च्या वर असला तर निर्धास्त राहा.

१४. मोंढ्यात शेजारच्या दुकानातही पॉवरलाइन आहे. त्यांचा कोऑर्डिनेटर आमच्यात ढवळाढवळ करतो का?

डेटा मिसळत नाही, किल्ल्या वेगळ्या असल्या म्हणजे झालं (प्रश्न ५). वेळ मात्र वाटली जाते. एकाच डीपीवर दोन नेटवर्क एकमेकांना ऐकू येत असतील तर दोन्ही कोऑर्डिनेटर परस्परांच्या बीकनला जागा देतात आणि उरलेल्या वेळेत दोघांना भागवावं लागतं. शेजाऱ्याशी बोलून मीटरजवळचे अडॅप्टर दोघांनीही थोडे आत सरकवले तर फरक पडतो.

१५. किती अडॅप्टर जोडता येतात? लांबच्याला कोऑर्डिनेटर ऐकूच येत नसेल तर?

मानकात मर्यादा मोठी आहे, पण घरगुती अडॅप्टरवर कंपनी ८ किंवा १६ अशी मर्यादा देते. खोक्यावर पाहा. एव्ही मानकात अशी सोय आहे की मधला सदस्य कोऑर्डिनेटरचा बीकन पुढे पोचवतो आणि लांबच्याला नेटवर्कात ठेवतो. तरी प्रत्यक्षात असा लांबचा सदस्य सारखा येत-जात राहतो. त्यापेक्षा कोऑर्डिनेटरच मधल्या जागेवर आणा.

१६. वेगळ्या कंपनीचा अडॅप्टर चालेल का? आणि कोऑर्डिनेटरच जळाला तर?

होमप्लग एव्ही, एव्ही-२ आणि २०१० चं आयट्रिपलई १९०१ या घराण्यातले एकमेकांशी बोलतात, कंपनी कोणतीही असो. 'जी डॉट एचएन' असं लिहिलेले अडॅप्टर वेगळ्या घराण्यातले. त्यांच्यात कोऑर्डिनेटरला 'डोमेन मास्टर' म्हणतात आणि ते होमप्लगशी जुळत नाहीत. दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणाला तरी खोक्यावरचं मानक वाचूनच घ्या.

कोऑर्डिनेटर जळाला तर बाकीचे 'आपोआप' वर असतील तेव्हा त्यांच्यातला एक पुढे येतो आणि किल्ली सगळ्यांकडे असल्याने पुन्हा जोडणी लागत नाही. नवा अडॅप्टर आणला की जुन्या कुठल्याही सदस्याशी पेअर करा, मग हवं तर प्रश्न ७ प्रमाणे 'नेहमी' करा.

१७. पथदिव्यांसाठी जी-३ पद्धतीचा कोऑर्डिनेटर बसवायचा आहे. कोणत्या सेटिंग, कोणत्या क्रमाने?

जी-३ ही कमी वारंवारितेची पद्धत, मानक आयटीयू-टी जी ९९०३. वेग अगदी कमी, पण पल्ला लांब, आणि एक नोड (दिव्यावरचं किंवा मीटरमधलं यंत्र) दुसऱ्यासाठी निरोप पुढे नेतो. इथे कोऑर्डिनेटर आपोआप ठरत नाही. डीपीजवळच्या पेटीतला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे सगळ्या नोडना सांभाळणारं यंत्र, हाच कोऑर्डिनेटर आणि त्याचा छोटा पत्ता शून्य.

क्रम पाळा:

पहिला, वारंवारितेचा पट्टा. सेनेलेक-ए साधारण ३६ ते ९१ किलोहर्ट्झ, त्यात ३६ वाहक लहरी. एफसीसी पट्टा साधारण १५५ ते ४८७ किलोहर्ट्झ, ७२ वाहक लहरी. नोड ज्या पट्ट्याचे आहेत तोच इथे लागतो, नाहीतर एकही नोड दिसत नाही.

दुसरा, नेटवर्कचा क्रमांक, १६ बिटांचा पॅन आयडी. दोन शेजारच्या डीपींना एकच आकडा कधीही देऊ नका. खांबांवरच्या तारा समांतर गेल्या की सिग्नल एका लाइनीवरून दुसरीवर चढतो आणि नोड भलत्याच कोऑर्डिनेटरकडे अर्ज करतो. सुरू करण्याआधी स्कॅन करून आसपासचे क्रमांक बघा.

तिसरा, किल्ल्या. प्रत्येक नोडची १६ बाइटची ओळख-किल्ली कोऑर्डिनेटरच्या यादीत त्याच्या ६४ बिटांच्या पत्त्यासमोर हवी. नोडने अर्ज केला की त्याच किल्लीने तपासणी होते आणि मग त्याला छोटा पत्ता आणि सगळ्यांची सामायिक किल्ली मिळते. 'नोड दिसतो पण सामील होत नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा यादीतला पत्ता टंकताना चुकलेला असतो.

चौथा, किती टप्पे चालतील ही मर्यादा. मूळ मूल्य ८ असतं, ते राहू द्या. लाइन लांब आहे म्हणून वाढवण्याआधी मधला कुठला नोड मुका आहे ते शोधा.

आणि एक जागेवरची अडचण. दिव्यांची लाइन टायमरच्या कॉन्टॅक्टरमागे (टायमरवर आपोआप चालू-बंद होणाऱ्या मोठ्या स्विचमागे) असेल तर दिवसा सगळे नोड मेलेले असतात आणि तिन्हीसांजेला सगळे एकदम उठतात. शंभर नोड एकाच मिनिटात अर्ज करायला लागले की टक्कर होते आणि बरेच जण तासभर बाहेर राहतात. शक्य असेल तर लाइन कायम चालू ठेवा आणि दिवा नोडवरून लावा-विझवा. ते जमत नसेल तर नोडच्या अर्जाला यादृच्छिक विलंब द्या, आणि छोटा पत्ता व किल्ली नोडमध्ये जपून ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

१८. जी-३ चा कोऑर्डिनेटर बदलला. पॅन आयडी, किल्ल्या सगळं तेच टाकलं, तरी जुने नोड उत्तर देत नाहीत.

फ्रेम काउंटर राहिला. प्रत्येक निरोपावर चढता क्रमांक असतो आणि नोड आपल्याजवळ शेवटचा क्रमांक लिहून ठेवतो. त्यापेक्षा लहान क्रमांकाचा निरोप आला तर कुणीतरी जुनाच निरोप पुन्हा वाजवतोय असं समजून तो टाकून देतो. नवा कोऑर्डिनेटर शून्यापासून मोजू लागला, म्हणून नोड त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

जुन्याचा शेवटचा काउंटर बॅकअपमध्ये असेल तर त्यात भरपूर मोठी भर घालून नव्यात टाका. बॅकअप रात्रीचा असेल तर त्यानंतर दिवसभरात गेलेले निरोपही त्या भरीत बसले पाहिजेत. बॅकअपच नसेल तर नोडना काढून पुन्हा सामील करून घेण्याला पर्याय नाही. म्हणून पॅन आयडी आणि किल्ल्यांसोबत काउंटरही रोज जतन होतो का, हे कॉन्सन्ट्रेटर घेतानाच विचारा.

१९. गाडीच्या जलद चार्जरमध्येही पॉवरलाइन असतं म्हणतात. तिथे कोऑर्डिनेटर कोण, आणि ते सेटिंग बदलायचं का?

सीसीएस प्लगच्या जलद चार्जरमध्ये होमप्लग ग्रीन फाय वापरतात. सिग्नल मेन वायरीऐवजी प्लगमधल्या 'कंट्रोल पायलट' तारेवरून जातो. आयएसओ १५११८-३ या गाडी-चार्जर संवादाच्या मानकाप्रमाणे कोऑर्डिनेटर नेहमी चार्जरच असतो, गाडी कधीच नाही. प्रश्न ७ मधले तेच २ आणि १, इथे ते पक्के केलेले.

शेजारी दोन चार्जर असतील तर गाडीला दोन्हींचा सिग्नल ऐकू येतो. म्हणून गाडी आधी चाचणीचे आवाज सोडते, प्रत्येक चार्जर ते किती क्षीण होऊन पोचले हे मोजून सांगतो, आणि सर्वांत कमी क्षीण जिथे, तोच आपला प्लग असं गाडी ठरवते. मग तो चार्जर तिला किल्ली देतो. प्लग काढला की ते नेटवर्क मोडतं. पुढच्या वेळी नवी किल्ली, नवं नेटवर्क.

चार्जरमधला मोडेम बदलून घरगुती अडॅप्टरमधला बसवला आणि नोंद 'आपोआप' राहिली, तर कधी गाडी जोडली जाते, कधी नाही. दोन चार्जर शेजारी असताना हे जास्त होतं. मोडेम बदलल्यावर पहिली तपासणी हीच करा: चार्जरच्या बाजूला २ आहे ना.